सालाझार राजवट

पोर्तुगालमध्ये १९३३ ते १९७४ या काळात अस्तित्वात असलेली एकाधिकारशाही राज्यव्यवस्था. ही राजवट स्वतःला ‘एस्तादो नोव्हो’ म्हणजे ‘नवे राज्य’ असे म्हणवून घेत असे. आंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार (२८ एप्रिल १८८९ – २७ जुलै १९७०) हा तिचा संस्थापक आणि १९६८ पर्यंत सर्वाधिकारी पंतप्रधान होता. त्यामुळे ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पश्चिम यूरोपातील सर्वांत दीर्घायुषी हुकूमशाह्यांमध्ये तिची गणना होते. गोवा, दमण, दीव, दाद्रा व नगरहवेली हे प्रदेश तिच्या अंमलाखाली होते. म्हणून भारताच्या, विशेषतः मराठी व कोंकणी भाषकांच्या, आधुनिक इतिहासाशी तिचा प्रत्यक्ष संबंध येतो. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये आणि फ्रेंचांनी १९५४ मध्ये भारतातील सत्ता सोडली असताना केवळ ३,७०२ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या गोव्यासाठी पोर्तुगालने १९६१ पर्यंत वाटाघाटी का नाकारल्या, या प्रश्नाचे उत्तर गोव्याच्या लष्करी किंवा आर्थिक महत्त्वात सापडत नाही. ते या राजवटीच्या विचारप्रणालीत आणि त्या विचारप्रणालीच्या ऐतिहासिक मुळांत शोधावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पोर्तुगीज राष्ट्रभावनेचा पाया पंधराव्या-सोळाव्या शतकांतील सागरी पराक्रमांत आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकले. पौर्वात्य साम्राज्याची राजधानी म्हणून गोव्याला जे वैभव प्राप्त झाले, त्याचे वर्णन पोर्तुगीज साहित्यात पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले. लूईश द कामोंइशच्या १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याने गामाच्या सफरीला राष्ट्रीय पुराणकथेचे स्वरूप दिले. मात्र हे वैभव अल्पकाळच टिकले. १५७८ मध्ये मोरोक्कोतील लढाईत राजा सेबास्तियांव मारला गेला आणि १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली गेले. डचांनी आशियातील बहुतेक ठाणी हिरावून घेतली आणि १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला. सेबास्तियांव एक दिवस परत येऊन राष्ट्राचे गतवैभव पुनःस्थापित करील, ही लोकसमजूत दीर्घकाळ टिकून राहिली. हरवलेल्या साम्राज्याचा शोक आणि उद्धारकर्त्याची प्रतीक्षा या दोन भावनांचा पुढील राजकारणावर खोल परिणाम झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भावनांना अपमानाची जोड मिळाली. अंगोला आणि मोझांबीक यांना जोडणारा सलग प्रदेश मिळविण्याची पोर्तुगालची आकांक्षा होती. परंतु जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनने निर्वाणीचा खलिता देऊन त्या प्रदेशातून सैन्य मागे घेण्यास त्याला भाग पाडले. जुन्या मित्रराष्ट्राकडून झालेल्या या मानहानीचे खापर राजसत्तेवर फोडण्यात आले. १९०८ मध्ये राजा कार्लुश पहिला याची हत्या झाली आणि ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. नव्या शासनाने चर्च व राज्य यांची फारकत केली. गोव्यातील हिंदूंवरील धार्मिक निर्बंधांचे अवशेष या काळात दूर झाले; त्यांना सरकारी सेवेत प्रवेश मिळू लागला आणि मराठी शाळा, वाचनालये व नियतकालिके यांना चालना मिळाली. पोर्तुगालमध्ये मात्र प्रजासत्ताक स्थिर झाले नाही. सोळा वर्षांत सु. ४५ मंत्रिमंडळे आली आणि गेली. पहिल्या महायुद्धातील सहभागामुळे कर्ज व महागाई वाढली. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली, तेव्हा तिला फारसा प्रतिकार झाला नाही.

सालाझारचा उदय : लष्करी अधिकाऱ्यांना सत्ता मिळाली, तरी रिकाम्या खजिन्यावर त्यांच्याजवळ उपाय नव्हता. म्हणून एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला, सालाझारला, अर्थमंत्री म्हणून पाचारण केले. सालाझार हा व्हिमिएइरो या खेड्यातील सामान्य शेतकरी कुटुंबातला होता. त्याचे आरंभीचे शिक्षण व्हिझेऊ येथील धर्मपीठात झाले होते. सर्व खात्यांच्या खर्चावर आपलेच नियंत्रण राहील, या अटीवर त्याने पद स्वीकारले आणि वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दाखविली. या यशामुळे तो शासनाला अपरिहार्य ठरला. जुलै १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ मध्ये त्याने नवे संविधान सार्वमतास टाकले. त्या सार्वमतात मतदान न करणाऱ्यांची गणना अनुकूल मतांत करण्यात आली. अशा प्रकारे लष्कराने आणलेली तात्पुरती हुकूमशाही नागरी व कायमस्वरूपी झाली.

विचारप्रणाली : या राजवटीची विचारसरणी एका ग्रंथात मांडलेली नव्हती, अनेक प्रवाहांच्या मिश्रणातून ती घडली होती. पोप लिओ तेरावा (१८९१) व पायस अकरावा (१९३१) यांच्या सामाजिक आज्ञापत्रांतून वर्गसंघर्षाऐवजी वर्गसहकार्याची कल्पना आली. फ्रेंच विचारवंत शार्ल मोरास आणि पोर्तुगालमधील ‘इंतेग्रालिझ्मो लुझितानो’ ही १९१४ च्या सुमाराची चळवळ यांच्याकडून संसदीय लोकशाहीविषयीचा तिटकारा आला. समाज हा स्वतंत्र व्यक्तींचा समूह नसून कुटुंब, धर्मपीठ, व्यवसायसंघ व राष्ट्र अशा नैसर्गिक घटकांची श्रेणीबद्ध रचना आहे, असे सालाझार मानीत असे. ‘देव, राष्ट्र, कुटुंब’ ही त्रिसूत्री शाळांच्या भिंतींवर आणि पाठ्यपुस्तकांत झळकू लागली. देव, राष्ट्र व त्याचा इतिहास, सत्ता, कुटुंब आणि श्रमाचे मोल या गोष्टी चर्चेचे विषयच होऊ शकत नाहीत, असे त्याने १९३६ मध्ये ब्रागा येथील भाषणात प्रतिपादन केले. राजवटीच्या वृत्तीचे मर्म या भूमिकेत आहे. जी गोष्ट चर्चेच्या पलीकडे ठेवली जाते तिच्यावर तडजोडही करता येत नाही. गोव्याच्या बाबतीत पुढे नेमके तेच घडले.

इटलीतील फॅसिझम व जर्मनीतील नाझीवाद यांच्याशी या राजवटीचे साम्य असले, तरी भेदही महत्त्वाचे आहेत. ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना आणि ‘लेजियांव पोर्तुगेझा’ हे निमलष्करी दल १९३६ मध्ये स्थापन झाले. तथापि जनसमुदायाला सतत चेतवीत ठेवण्यापेक्षा त्याला राजकारणापासून दूर राखण्याकडे सालाझारचा कल होता. निळ्या सदऱ्यांच्या राष्ट्रीय सिंडिकलवाद्यांवर त्याने १९३४ मध्ये बंदी घातली. तो अविवाहित राहिला, साधेपणाने जगला, समारंभ टाळीत असे आणि शेजारच्या स्पेनखेरीज परदेश प्रवास त्याने जवळजवळ केलाच नाही. ज्या साम्राज्यासाठी त्याने पुढे तीन युद्धे चालविली, त्यातील एकाही प्रदेशाला त्याने कधी भेट दिली नाही. ग्रामीण, श्रद्धाळू व अल्पसंतुष्ट पोर्तुगाल हा त्याचा आदर्श होता. औद्योगिकीकरण व शिक्षणप्रसार यांतून असंतोष वाढेल, या धास्तीने दोहोंची गती मंद ठेवण्यात आली. परिणामी १९५० च्या सुमारासही देशातील सु. ४० टक्के लोक निरक्षर होते.

राज्ययंत्रणा : संविधानात नागरिकांचे हक्क नमूद होते, परंतु त्यांचे नियमन ‘विशेष कायद्यांनी’ करण्याची तरतूद असल्याने ते कागदावरच राहिले. ‘युनियांव नासिओनाल’ ही एकमेव मान्यताप्राप्त राजकीय संघटना होती. राष्ट्रीय सभेच्या निवडणुका होत. पण विरोधकांना प्रचारासाठी मतदानापूर्वीचे थोडे दिवसच मिळत आणि निकाल ठरलेला असे. स्वतंत्र कामगार संघटना रद्द करून मालक व कामगार यांना राज्यनियंत्रित व्यवसायसंघांत बांधण्यात आले आणि संपाला बंदी करण्यात आली. वृत्तपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाई व तो तपासल्याची नोंद अंकावर छापावी लागे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४५ पासून ‘पीदे’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गुप्त पोलीस दलाला संशयितास चौकशीविना दीर्घकाळ डांबण्याचे अधिकार होते. राजकीय कैद्यांना काशियश व पेनिशे येथील किल्ल्यांत किंवा केप व्हर्द बेटांवरील ताराफाल या छळछावणीत ठेवीत. प्रत्यक्षात कारावासात गेलेल्यांची संख्या इतर हुकूमशाह्यांच्या मानाने कमी होती. परंतु खबऱ्यांच्या जाळ्यामुळे उघड बोलण्याचे धैर्य समाजातून ओसरले आणि राजवटीला तेवढे पुरेसे होते.

वसाहतविषयक कायदा : नव्या राज्याचे पहिले मूलभूत विधान संविधानापूर्वीच, १९३० मध्ये, झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘आक्तो कोलोनियाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने सागरापलीकडील प्रदेश ताब्यात ठेवणे, तेथे वसाहत करणे आणि तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य ठरविले. प्रजासत्ताकाने वसाहतींना दिलेली मर्यादित स्वायत्तता संपुष्टात आली आणि सर्व सूत्रे लिस्बनकडे गेली. १९३४ मध्ये पोर्तो येथे भरलेल्या वसाहत प्रदर्शनाच्या निमित्ताने एन्रीक गाल्व्हांव याने तयार केलेल्या एका नकाशात यूरोपच्या नकाशावर पोर्तुगीज वसाहती पसरून दाखविल्या होत्या आणि पोर्तुगाल हा लहान देश नाही, असे वर घोषवाक्य होते. हा नकाशा शाळाशाळांत लावला गेला. साम्राज्याविना पोर्तुगाल हा यूरोपच्या टोकाचा एक गरीब देश उरतो, ही अव्यक्त भीती त्या नकाशामागे होती. हाच गाल्व्हांव पुढे राजवटीचा कट्टर विरोधक बनला आणि जानेवारी १९६१ मध्ये ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेऊन त्याने जगाचे लक्ष पोर्तुगालमधील हुकूमशाहीकडे वेधले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतवादाला जागतिक विरोध वाढला, तेव्हा राजवटीने वास्तव बदलण्याऐवजी शब्द बदलले. १९५१ च्या घटनादुरुस्तीने ‘वसाहती’ हा शब्द वगळून ‘सागरपार प्रांत’ हा शब्द योजण्यात आला. मिन्हो नदीपासून तिमोर बेटापर्यंत पोर्तुगाल हे एकच अविभाज्य राष्ट्र असल्याने त्याच्याजवळ वसाहतीच नाहीत, असा युक्तिवाद सुरू झाला. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ झिल्बेर्तु फ्रेइरे यांनी मांडलेल्या, पोर्तुगीज लोक उष्ण कटिबंधातील समाजांशी वर्णद्वेषाविना मिसळतात, या सिद्धांताचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. शासनाच्या निमंत्रणावरून फ्रेइरे यांनी १९५१-५२ मध्ये सागरपार प्रदेशांचा दौरा केला. त्यात गोव्याचाही समावेश होता. या मांडणीत गोव्याचे स्थान मध्यवर्ती होते. आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांना ‘देशी’ ठरवून नागरिकत्वापासून वंचित ठेवणारा कायदा गोव्याला लागू नव्हता. गोमंतकीय कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. साडेचार शतकांच्या सहवासाने एक आशियाई समाज पोर्तुगीज झाला, याचे उदाहरण म्हणून गोवा जगापुढे ठेवण्यात येई. म्हणूनच गोवा सोडणे म्हणजे साम्राज्याचा संपूर्ण सिद्धांत सोडणे, असे सालाझारला वाटत होते.

गोव्यातील अंमल : नागरिकत्व समान असले, तरी नागरी स्वातंत्र्य लिस्बनमध्येच नसल्याने ते गोव्यात असण्याचा प्रश्न उद्‌भवत नव्हता. सत्ता गव्हर्नर जनरलच्या हाती एकवटली होती. सभा घेणे, संस्था काढणे, नियतकालिक चालविणे यांसाठी पूर्वपरवानगी लागे. लग्नपत्रिकांसारख्या किरकोळ छपाईवरही तपासनिसांची नजर असे. सरकारी नोकरीचा मार्ग पोर्तुगीज शिक्षणातून जात असल्याने मराठी शाळांत शिकलेल्या तरुणांपुढे मुंबई, पुणे, बेळगाव येथे जाण्याखेरीज पर्याय फारसा नव्हता. ख्रिस्ती कुटुंबांतील हजारो लोकही मुंबईत व आफ्रिकेत उपजीविका शोधीत होते. पोर्तुगालशी भावनिक एकात्मतेचा दावा केला जात असताना गोमंतकीय समाजाचे अर्थकारण मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानातून येणाऱ्या पैशावर चालत होते, हा त्या दाव्यातील ठळक अंतर्विरोध होता.

वसाहतविषयक कायद्याला पहिला विरोध गोव्याच्या विधिमंडळातूनच झाला. लुईश द मेनेझिश ब्रागांझा (१८७८–१९३८) यांनी जुलै १९३० मध्ये गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा पुरस्कार करणारा ठराव मांडला. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा (१८९१–१९५८) यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील त्यांची पुस्तिका १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मेनेझिश यांनी मडगाव येथे बंदी मोडून सभा घेतली. त्यानंतरच्या सत्याग्रहात कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आदी नेत्यांना शिक्षा होऊन त्यांची पोर्तुगालला रवानगी करण्यात आली. कुन्हांवरील खटला लष्करी न्यायालयापुढे चालला व त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. हिंदू व ख्रिस्ती असे दोन्ही समाजांचे नेते या लढ्यात होते. त्यामुळे गोव्यातील विरोध हा केवळ हिंदूंचा किंवा भारतप्रेरित आहे, हा लिस्बनचा प्रचार वस्तुस्थितीला धरून नव्हता.

राजवटीच्या असहिष्णुतेचे एक बोलके उदाहरण डॉ. पुंडलीक गायतोंडे यांचे होय. म्हापसे येथील या शल्यविशारदाने फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीच्या प्रसंगी, गोवा हे पोर्तुगाल आहे, या वक्त्याच्या विधानावर आपला निषेध नोंदविला. एवढ्या उद्‌गारासाठी त्यांना अटक झाली आणि पत्नीसह पोर्तुगालला नेण्यात आले. त्यांच्या पत्नी एदिला या स्वतः पोर्तुगीज होत्या. पोर्तुगीज व गोमंतकीय यांच्या मीलनाचा गौरव करणाऱ्या शासनाला प्रत्यक्षातील असे मीलनही मूक असावे लागत होते.

मुक्तिलढा व सत्याग्रह : १९४७ नंतर भारत सरकारने वाटाघाटींचा मार्ग अवलंबिला. १९५० मध्ये भारताने चर्चेचा प्रस्ताव दिला; पोर्तुगीज प्रदेशाचे सार्वभौमत्व हा चर्चेचा विषय नाही, या भूमिकेवरून तो नाकारण्यात आला. त्यामुळे जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व इतर गटांच्या स्वयंसेवकांनी दाद्रा व नगरहवेली मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके यांचा या मोहिमेत सहभाग होता. त्या प्रदेशात भारतातून सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सांगितला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने सशस्त्र सैन्य नेण्याचा हक्क अमान्य झाला.

महाराष्ट्रात पुणे हे या लढ्याचे प्रमुख केंद्र होते. तेथे स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीत परस्परविरोधी पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. त्यानंतर शिरुभाऊ लिमये, मधु लिमये, जगन्नाथराव जोशी प्रभृतींच्या तुकड्या गेल्या. सत्याग्रहींना बेदम मारहाण होई. नेत्यांना दहा किंवा अधिक वर्षांच्या शिक्षा ठोठावून आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सु. तीन हजार निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी व इतर ठिकाणांहून सीमा ओलांडू लागले, तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल आणि पनवेलचे हिरवे गुरुजी त्यांपैकी होत. ब्रिटिश सत्तेविरुद्ध परिणामकारक ठरलेले सत्याग्रहाचे शस्त्र येथे निष्प्रभ ठरले. सत्याग्रहाला सत्ताधाऱ्यांच्या देशातील लोकमताचा आधार लागतो. लंडनमध्ये संसद होती, वृत्तपत्रे होती आणि सरकारला जाब विचारणारा विरोधी पक्ष होता. लिस्बनमध्ये यांपैकी काहीच नव्हते. गोव्यात काय घडले, हे पोर्तुगालच्या जनतेला तपासनिसांनी मान्य केलेल्या मजकुरातूनच कळत होते.

सशस्त्र मार्गाने लढणाऱ्यांनाही जबर किंमत द्यावी लागली. मूळचे सांगलीचे व गोव्यात शिक्षक म्हणून काम केलेले मोहन रानडे यांना १९५५ मध्ये बेती येथील चौकीवरील हल्ल्यात जखमी अवस्थेत पकडण्यात आले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली व पोर्तुगालमधील तुरुंगात ठेवण्यात आले. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये, त्यांची सुटका झाली. तेलु द माश्कारेन्यश हे कवी व पत्रकार त्याहीनंतर, १९७० मध्ये, मुक्त झाले.

नाकेबंदी : ऑगस्ट १९५५ नंतर भारताने राजनैतिक संबंध पूर्णतः तोडले, सामूहिक सत्याग्रह थांबविला आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे वाहतूक बंद पडली. पैसे पाठविणे व ये-जा यांवर निर्बंध आले. मुंबईतील मिळकतीवर अवलंबून असलेल्या गोमंतकीय कुटुंबांना याची झळ सर्वांत अधिक बसली. पोर्तुगीज शासनाला मात्र ती अपेक्षेइतकी बसली नाही. जपान व पश्चिम जर्मनी यांना होणारी लोहखनिजाची निर्यात वाढली, दाबोळी येथे विमानतळ झाला व परदेशी मालाची आयात सुरू झाली. गोव्याच्या इतिहासात प्रथमच एवढी चैनीच्या वस्तूंची रेलचेल बाजारात दिसू लागली आणि त्यांतील पुष्कळसा माल चोरट्या मार्गाने भारतात येऊ लागला. या कोंडीत विचारांची वाहतूक चालू ठेवण्याचे काम एका गुप्त नभोवाणी केंद्राने केले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून कोंकणी व पोर्तुगीज भाषांत प्रक्षेपण चालविले. मुक्तीच्या दिवसापर्यंत ते चालू होते.

शेवटचे पर्व : डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह सर्व पोर्तुगीज प्रदेश ‘अस्वयंशासित’ असल्याचे जाहीर केले. ‘सागरपार प्रांत’ या शब्दयोजनेचा आंतरराष्ट्रीय पाया त्यामुळे निखळला. १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यु मोनिझ याने सालाझारला दूर करण्याचा केलेला प्रयत्न फसला. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार झाला. या पार्श्वभूमीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ ही कारवाई सुरू केली. सालाझारने त्यापूर्वी चार दिवस गव्हर्नर जनरल व्हास्सालु इ सिल्व्हा यास संदेश पाठवून शरणागती व युद्धविराम दोन्ही निषिद्ध ठरविले होते आणि सैनिकांनी विजय मिळवावा किंवा मरण पत्करावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. तुटपुंज्या फौजेच्या बळावर प्रतिकार करणे म्हणजे लोकांचा व पणजी शहराचा विनाश ओढवून घेणे होय, हे जाणून व्हास्सालु इ सिल्व्हाने १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली. सु. ३६ तासांत मोहीम संपली. तीत भारताचे २२ आणि पोर्तुगालचे सु. ३० सैनिक मरण पावले.

पराभूत सैनिकांना मिळालेली वागणूक राजवटीच्या स्वभावाची निदर्शक होती. मे १९६२ मध्ये मायदेशी परतलेल्या तीन हजारांवर युद्धकैद्यांकडे संशयाने पाहिले गेले. व्हास्सालु इ सिल्व्हाला १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचे पद त्यास परत मिळाले. गोवा गेल्याचे लिस्बनने मान्य केलेच नाही. ‘भारतातील पोर्तुगीज राज्य’ घटनेत व नकाशांत पुढील तेरा वर्षे अस्तित्वात राहिले.

एकाकीपणा व अस्त : पोर्तुगाल सर्वार्थाने बंदिस्त देश नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहून त्याने दोन्ही बाजूंशी व्यापार केला, १९४३ मध्ये ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ दिला, १९४९ मध्ये तो ‘नाटो’चा संस्थापक सदस्य झाला आणि १९५५ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. त्याचा एकाकीपणा मुख्यतः वैचारिक होता आणि तो त्याने स्वतः निवडलेला होता. अंगोलापाठोपाठ गिनी (१९६३) व मोझांबीक (१९६४) येथे युद्धे सुरू झाली. मित्रराष्ट्रेही टीका करू लागली, तेव्हा सालाझारने फेब्रुवारी १९६५ मध्ये, आपण अभिमानाने एकटे लढत आहोत, अशा आशयाची घोषणा केली. त्याच महिन्यात, १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राजवटीला आव्हान देणारा जनरल उंबेर्तु देलगादु याची स्पेनच्या सीमेवर गुप्त पोलिसांनी हत्या केली. या हत्येबद्दल पुढे अनुपस्थितीत दोषी ठरलेला कासिमिरु मोंतैरु हा पूर्वी गोव्यात पोलीस दलात होता आणि तेथील क्रूर वर्तनासाठी कुप्रसिद्ध होता. वसाहतीत राबविलेली दडपशाही अखेर मायदेशी परतते, याचे हे उदाहरण ठरले.

१९६८ मध्ये खुर्चीवरून पडल्यानंतरच्या आजारपणात सालाझार अकार्यक्षम झाला आणि मार्सेलु काएतानु पंतप्रधान झाला. ही गोष्ट सालाझारला अखेरपर्यंत सांगण्यात आली नाही. आपणच सत्तेवर आहोत, या समजुतीत तो १९७० मध्ये मरण पावला. काएतानुने काही सुधारणा केल्या, तरी युद्धे थांबविली नाहीत. अंदाजपत्रकाचा सु. ४० टक्के भाग संरक्षणावर खर्च होऊ लागला. दारिद्र्य व सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी १९६० नंतर दहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. वसाहतींतील युद्धांना राजकीय उत्तर नाही, हे ओळखलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी जवळजवळ रक्तपाताविना ही राजवट उलथून टाकली. पराभवाचे खापर सरकार सैन्यावर फोडील, ही गोव्याच्या अनुभवाने रुजलेली भावना या उठावाच्या कारणांपैकी एक होती, असे अनेक अभ्यासक मानतात. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश व यशवंतराव चव्हाण यांनी केलेल्या करारान्वये पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दाद्रा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

मूल्यमापन : आर्थिक शिस्त, युद्धापासून राखलेली अलिप्तता आणि दीर्घकाळची अंतर्गत शांतता या गोष्टी सालाझारच्या बाजूने सांगितल्या जातात; २००७ मध्ये पोर्तुगालमधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेक्षकांनी त्याला सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज म्हणून कौल दिला. परंतु निरक्षरता, दारिद्र्य, स्थलांतर व तेरा वर्षांची वसाहती युद्धे ही त्या शांततेची किंमत होती. या राजवटीचे बळ तिच्या दमनयंत्रणेइतकेच एका ऐतिहासिक जखमेत होते. गमावलेल्या वैभवाची स्मृती तिने राष्ट्रधर्मात रूपांतरित केली आणि त्या धर्माला प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरविला. तिला मिळालेले स्थैर्य यातून आले आणि तिची अगतिकताही यातूनच आली. कारण चर्चेची सवय मोडलेल्या राज्याला बदलत्या जगाशी जुळवून घेण्याचे साधनच उरत नाही. पाँडिचेरीचे हस्तांतर वाटाघाटींनी झाल्यामुळे तेथे फ्रेंच भाषा व संस्कृती यांना सन्मानाचे स्थान टिकविता आले. गोव्यात तसे होऊ शकले असते; परंतु पोर्तुगीज संस्कृतीच्या रक्षणाचा दावा करणाऱ्या सत्तेनेच ती शक्यता घालविली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा, वास्तुकला, संगीत व खाद्यपरंपरा या रूपांनी तो वारसा गोव्यात पुढेही टिकला, तो सालाझारमुळे नव्हे, तर गोमंतकीयांनी तो आपला मानला म्हणून. मडगावात वाढलेले आणि सालाझारच्या पोलिसांनी तुरुंगात टाकलेले लेखक ओर्लांदु द कॉश्ता यांचे पुत्र आंतोनियो कॉश्ता हे २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे लोकनियुक्त पंतप्रधान होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी गोव्याला भेट दिली.